टुर्नामेंटमधली रडी कशी बंद करायची

आधी माझीच गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल हा कोण मोठा संत लागून गेला. सात-आठ वर्षं झाली असतील, चोपड्याकडच्या एका गावात कापूस उपटून सपाट केलेल्या वावरात टेनिस बॉलच्या मॅचेस होत्या, सेमीफायनल, दिवस कलायला आलेला आणि मी रनआउट. आउट होतो का? होतो, चांगला हातभर बाहेर होतो आणि मला ते पक्कं माहीत होतं. पण अंपायर म्हणजे शेजारच्या गावाहून मॅच बघायला आलेला एक पोरगा, हातापाया पडून उभा केलेला, त्यानं बोट वर केलं आणि मी क्रीजवर मांडी घालून बसलो. "मी नही जास," म्हटलं. मागून आमची बारा पोरं आत, तिकडून त्यांची पंधरा, मग अर्धा तास नुसती ढकलाढकली, मग अंधार, मॅच रद्द, बक्षीस कोणालाच नाही. तो पोरगा मात्र त्या दिवसानंतर कोणाच्याच मॅचला अंपायर म्हणून उभा राहिला नाही, कितीही विनवलं तरी. पुढच्या वर्षी आम्हालाच अंपायर मिळेना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

त्यानंतर मी बऱ्याच टुर्नामेंट भरवल्या, कॅप्टनकी केली, अंपायरिंग तर इतकी केली की आता लग्नात पण वाइडचे हात होतात. त्यातून जे कळलं ते इथं लिहितोय. क्रिकेटचंच जास्त आहे कारण आपल्याकडे तेच जास्त चालतं, पण कबड्डी-व्हॉलीबॉलवाल्यांनाही कामाला येईल.

लहानपणी लगोरी खेळताना जो डाव मोडायचा त्याला आपण रडी म्हणायचो, आणि त्याच्यावर उपाय पण साधा होता, उद्या त्याला खेळायलाच घ्यायचं नाही. मोठेपणी तो उपाय चालत नाही कारण रडी खेळणाऱ्याकडेच किट असतं, किंवा त्याच्या काकानं पहिलं बक्षीस दिलेलं असतं. म्हणून दुसरं काहीतरी लागतं. माझा अनुभव असा की भांडण बॉल पडल्यावर मिटवायला गेलात की उशीर झालेला असतो, निम्म्याच्या वर भांडणं टॉसच्या आधीच मिटवता येतात, फक्त त्यासाठी आदल्या दिवशी एक तास बसावं लागतं आणि तो तास कोणी बसत नाही.

तर पहिलं काम, कागद. व्हॉट्सअॅपवरचा मेसेज नाही, कागदच, पेनानं लिहिलेला, आणि त्याच्यावर प्रत्येक टीमच्या कॅप्टनची सही. त्यावर काय लिहायचं हे तुमच्या मैदानावर ठरतं. बांधावरच्या निंबाच्या फांदीला लागून बॉल आत पडला तर फोर का डेड? शेजारच्या केळीच्या बागेत गेला तर सिक्स का परत टाकायचा? (बागेत बॉल शोधायला पाच जण घुसले की शेतकरी बाबा ठिबकच्या नळ्यांवरून जे बोलतो ते तुम्ही ऐकलेलं असेलच, त्यामुळे तिकडं नेटच बांधा.) वाइडची लाइन चुन्यानं आखा, नजरेनं नाही. एलबीडब्ल्यू नाही हे टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये सगळ्यांना माहीत असतं तरी लिहा. कोपर वाकवून बॉल फेकणाऱ्याचं काय करायचं, पहिल्यांदा नो बॉल आणि दुसऱ्यांदा ओव्हर बंद, का आणखी काही, ते लिहा, कारण प्रत्येक गावात असा एक तरी बॉलर असतो ज्याची अॅक्शन त्याच्या गावात गोलंदाजी असते आणि बाकी जगात दगडफेक.

आणि बाहेरचे प्लेयर. यावरून जेवढी डोकी फुटलीत तेवढी रनआउटवरूनही नसतील फुटली. फायनलला अचानक कोणीतरी नाशिकचा, कोणीतरी सुरतचा, "मामाकडं आलाय" म्हणे. बाहेरचे किती चालतील, शून्य का दोन, ते लिहा आणि पंधरा जणांची नावं आधार कार्ड बघून पहिल्या मॅचच्या आधीच फिक्स करा. फायनलच्या दिवशी आधार मागितलं की तो अपमान होतो, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच बघितलं की ती पद्धत होते. कार्ड तेच, वेळ वेगळी, एवढाच फरक.

नॉन-स्ट्रायकर बॉल टाकायच्या आधीच पळत सुटला आणि बॉलरनं त्याच्याकडच्या बेल्स उडवल्या, यावर दर सीझनला एक तरी हाणामारी ठरलेली. "हे चिटिंग आहे" असं ओरडणाऱ्यांना सांगा, आपल्या विनू मंकडनी 1947 च्या डिसेंबरात सिडनी टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच आउट केलं तेव्हापासून लोक वाद घालून राहिलेत, पण क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसी क्लबनं 2022 मध्ये हा प्रकार अनफेअर प्लेच्या नियमातून काढून सरळ रनआउटच्या नियमात टाकला. म्हणजे नियमानं तो साधा रनआउट आहे. तरी गावात तुम्हाला एक वॉर्निंग ठेवायची असेल तर ठेवा, माझी हरकत नाही, फक्त कागदावर ठेवा. आम्ही एक वॉर्निंग ठेवतो, टीमला एक, प्रत्येक बॅट्समनला वेगळी नाही, नाहीतर अकरा जण अकरा वेळा पळतात.

मोबाईलवर रिव्ह्यू नाही, हे ठळक लिहा. कोणीतरी झाडाखालून काढलेला व्हिडिओ, त्यात निम्म्या वेळी काढणाऱ्याचा अंगठा, आणि त्यावरून थर्ड अंपायर. एकदा बघितला की मग दर बॉलला बघावा लागतो. टुर्नामेंट यूट्यूबवर लाइव असली तरी नाही म्हणजे नाही.

आता अंपायर. सगळ्या रोगाचं मूळ इथं आहे आणि आपण त्याच्यावर सगळ्यात कमी पैसे घालतो. डीजेला हजारो, ट्रॉफ्या कमरेएवढ्या, आणि अंपायर कोण? तर बॅटिंगवाल्या टीमचा नवव्या नंबरचा प्लेयर, पॅड बांधून उभा. त्यानं आपल्या माणसाला आउट द्यायचं म्हणजे संध्याकाळी त्याच मोटरसायकलवर तिबलसीट घरी कसं जायचं त्यानं? आणि नाही दिलं तर समोरचे म्हणणार चोर आहे. तो पोरगा खरा असो का खोटा, तुम्ही त्याला अशा जागी उभं केलंय की वाद होणारच. त्यापेक्षा दुसऱ्या गटातल्या टीमचे दोघं घ्या, ज्यांचा या मॅचच्या निकालाशी काही संबंध नाही. एंट्री फी घेता तेव्हाच सांगा की प्रत्येक टीमला दोन मॅचेसना दोन अंपायर द्यावे लागतील, नाही दिले तर पुढच्या मॅचला सुरुवातीलाच दहा रन मायनस. सेमी आणि फायनलला पैसे देऊन बाहेरून आणा, तालुक्याच्या ठिकाणी शोधलं की एखादा पीटीचा सर किंवा जुना लेदर बॉल खेळलेला माणूस मिळतोच. आणि त्यांना एकसारखे शर्ट आणि टोप्या द्या, साध्या पांढऱ्या. हसू नका, मी दोन्ही प्रकारे उभा राहिलोय, बनियनवर उभा असलो की "ए भो, काय दिसस का तुले?" आणि पांढरी टोपी घातली की "सर, तो वाइड नव्हता का?" माणूस मी तोच.

टॉसच्या वेळी दोन्ही टीमना मैदानात एका ओळीत उभं करून अंपायरची ओळख करून द्या, नाव, गाव, आणि सांगा की हे आपल्या विनंतीवरून आलेत. दोन मिनिटं जातात. ज्याचं नाव माहीत आहे आणि जो आपल्या मावसभावाच्या सासुरवाडीचा निघतो त्याला शिवी घालताना जीभ थोडी तरी अडखळते, आणि खान्देशात प्रत्येक जण कोणाच्या तरी सासुरवाडीचा निघतोच.

मग बोलायचं कोणी? फक्त कॅप्टननं. हे काही माझं डोकं नाही, व्हॉलीबॉलच्या नियमात मैदानावरच्या कॅप्टनलाच रेफरीकडे खुलासा मागता येतो, आणि फुटबॉलवाल्यांनी 2024 च्या युरो कपमध्ये हेच आणलं, रेफरीकडे कॅप्टननंच जायचं, बाकीचे घोळका करून गेले की यलो कार्ड. आपल्याकडे घोळका हीच पद्धत. त्यामुळे बाकी दहा जणांसाठी नियम असा करा की निर्णय आला की आपल्या जागेवरून हलायचं नाही, पॉइंटवाला पॉइंटवर, किपर स्टंपमागे. पोरं हलली नाहीत की भांडणाला माणसंच पुरत नाहीत. कॅप्टननं काय बोलायचं ते पण शिकवावं लागतं, खरंच. "आउट नव्हताच तो, आंधळा आहे का" हे बोलणं झालं नाही. "भाऊ, एकदा लेग अंपायरला विचारून घेता का?" हे बोलणं झालं. अंपायरनं विचारलं तर ठीक, नाही विचारलं तर "बरं भाऊ" म्हणून मागं फिरायचं, आणि फिरताना तोंडातल्या तोंडात पण काही नाही, कारण मायबाप हो, स्टंपपाशी सगळं ऐकू येतं.

एवढं करूनही जो करायचा तो करतोच. त्याच्यासाठी शिक्षा आधी ठरलेली पाहिजे आणि ती लहान पाहिजे. मोठी शिक्षा कोणी देत नाही म्हणून ती नसल्यातच जमा. "शिवी दिली तर टीम बाद" असं पोस्टरवर छापतात आणि मग सरपंचांच्या पुतण्यानं शिवी दिली की पोस्टर गुंडाळून ठेवतात. एमसीसीनं 2017 च्या नियमावलीत 42 नंबरचा नियम खास प्लेयरच्या वागणुकीसाठी घातला, त्यात चार पायऱ्या आहेत. नाराजी दाखवणं, घाण बोलणं, उगाच अपील करत राहणं ही खालची पायरी, तिथं आधी वॉर्निंग आणि परत झालं की समोरच्या टीमला 5 रन. वरच्या पायरीवर अंपायरला दमदाटी केली तर 5 रन आणि तो प्लेयर काही ओव्हर बाहेर, मर्यादित ओव्हरच्या मॅचमध्ये डावाच्या एक पंचमांश ओव्हर. आणि मारामारी किंवा अंपायरवर हात उगारला तर पूर्ण मॅच बाहेर. आम्ही आठ ओव्हरच्या मॅचला तेच सोपं करून घेतलं, एक वॉर्निंग, मग 5 रन, मग दोन ओव्हर बाहेर बस, मग घरी जा. 5 रनांची जादू बघायची असेल तर एकदा देऊन बघा. आठ ओव्हरच्या मॅचमध्ये 5 रन म्हणजे जीव जातो, आणि मग त्या पोराला गप्प बसवायचं काम तुम्हाला करावं लागत नाही, त्याचेच टीमवाले करतात. फक्त पहिल्या दिवशी पहिल्या मॅचला द्या, आणि जमलं तर आपल्याच गावच्या टीमला द्या. मी दिले होते. घरी दोन दिवस चुलतभाऊ बोलत नव्हता, पण टुर्नामेंटभर कोणाचा आवाज वर गेला नाही.

कबड्डीवाल्यांना हे सोपं आहे कारण कार्डं आहेतच, हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे मॅचच्या बाहेर. पण गावच्या कबड्डीत पंचांच्या खिशात कार्डंच नसतात, शिट्टी असते ती पण उसनी. पुठ्ठ्याची कापून घ्या. कबड्डीत आणखी एक, रेडर पकडल्यावर मांडी ठोकायची ती आपल्या टीमकडे तोंड करून ठोका, मजा आहे त्यात, पण खाली पडलेल्या माणसाच्या छाताडावर वाकून ठोकली की पुढच्या रेडला कोणाच्या तरी घोट्याचं काही खरं नाही.

अनामत रक्कम पण ठेवा. एंट्री फीच्या वर थोडी वेगळी, टीम शेवटपर्यंत खेळली की परत, मॅच सोडून गेली की जप्त. मॅच सोडून जाणं फुकट असतं म्हणून लोक सोडून जातात.

माइकवाल्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. आपला समालोचक म्हणजे अर्धा कॉमेंटेटर आणि अर्धा तमाशातला सोंगाड्या, आणि तो नसला तर मॅचला मजा नाही हे मान्य. "क्रीजवर केळीचं खोड रोवलंय भो, ना हालस ना डुलस" इथपर्यंत पब्लिक पण हसते, खेळणारा पण हसतो. पण रंग, जाडी, बाप काय करतो, कोणत्या गल्लीचा, कोणत्या समाजाचा, इथं माइक गेला की दुपारची मॅच रात्री चौकात सुरू होते. माइक हातात देतानाच सांगा की खेळावर बोल, माणसावर नको, आणि अंपायरच्या निर्णयावर एक शब्द नाही. स्पीकरवरून "मला तर नॉट आउट वाटला" एवढं म्हटलं तरी पाचशे लोक अंपायर होतात. आणि माइक नेत्यांना फक्त इनिंगच्या मध्ये.

बांधावर बसून मॅचवर पैसे लावणारे पण असतात. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्ते चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण मॅचवर पैसे लागले की बाहेरून जो आरडाओरडा होतो तो खेळावरचा नसतो, खिशाचा असतो. अशा घोळक्याला बाउंड्रीपासून लांब, मंडपाच्या मागं बसवा, आणि ऐकत नसतील तर पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवा.

आणि ऊन. हे ऐकायला फालतू वाटेल. पण अखाजीच्या सुमाराला जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला टेकतो आणि आपण दुपारी दीड वाजता क्वार्टरफायनल ठेवतो, आमरस खाऊन आलेल्या पोरांची. मग डोकं तापलं म्हणून तक्रार. सकाळी सातला सुरू करा, अकरा-साडेअकराला बंद, परत चारनंतर. पाण्याचे जार दोन्ही टोकांना ठेवा, आणि अंपायर दर मॅचला बदला, माणूस तीन मॅच उन्हात उभा राहिला की चौथ्या मॅचला त्याला बॉल दिसतो का मृगजळ तेच कळत नाही. शेवटची मॅच अंधारात जाणार असं वाटलं तर सुरूच करू नका. माझी ती मांडी घालून बसायची भानगड झाली तेव्हा पण सूर्य खाली गेला होता, हे मी बहाणा म्हणून सांगत नाही, पण अंधारात प्रत्येकाला आपल्याला पाहिजे तेच दिसतं.

आता आपल्या स्वतःच्या टीमचं. समोरच्याला सुधरवणं सोपं वाटतं म्हणून आपण तिकडूनच सुरू करतो. आदल्या रात्री टीमची मीटिंग घ्या आणि एक प्रश्न विचारा, कॅच टप्पा पडून आलाय हे फक्त आपल्या फिल्डरला माहीत आहे आणि अंपायरनं आउट दिलंय, तर काय करायचं? पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. 1980 च्या मुंबईतल्या टेस्टमध्ये गुंडप्पा विश्वनाथ कॅप्टन होते, इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरनं मागं कॅच आउट दिलं, विश्वनाथना वाटलं बॅट लागली नाही, त्यांनी त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनी मग 171 ची पार्टनरशिप केली आणि आपण 10 विकेटनी हरलो. ही गोष्ट लोक दोन्ही बाजूनं सांगतात, काही जण डोळ्यात पाणी आणून आणि काही जण "मग काय मिळालं?" म्हणून. माझं म्हणणं एवढंच, कॅप्टनला असं करायचं असेल तर त्याच्या पोरांना ते आदल्या रात्री माहीत पाहिजे, नाहीतर मैदानावर बॅट्समनला परत बोलावलं की तुमचीच पोरं तुम्हाला खातात. आमच्यात ठरलंय, फिल्डरनं हात वर केला की अपील मागं, बॅट्समन मैदानाबाहेर जायच्या आत अंपायरला सांगायचं, आणि त्यावरून हरलो तर कोणी कोणाला बोलायचं नाही. दोनदा झालं, एकदा हरलो, एकदा जिंकलो.

बोलाचाली पूर्ण बंद होत नाही आणि करू पण नये. "ये ना भो, आता मार ना, मघाशी लय बोलत होतास" हे चालू द्या. आई-बहिणीवरून, जातीवरून, गल्लीवरून गेलं की आपल्याच कॅप्टननं आपल्याच पोराला ओव्हर संपायची वाट न बघता बाहेर काढायचं आणि दहा जणांवर खेळायचं. अंपायरला ऐकू आलं का नाही याचा संबंध नाही.

मुलींच्या कबड्डी-खोखोच्या मॅचला बाउंड्रीवर कोण उभं राहतंय यावर लक्ष ठेवा. कॉमेंट मारणारा टोळका दिसला की मॅच थांबवायची, टोळका हलेपर्यंत शिट्टी वाजवायची नाही, मुलींना "दुर्लक्ष करा" सांगायचं नाही. आणि बारक्या पोरांच्या मॅचला बापांना मैदानाच्या एकाच बाजूला बसवा, कोच दुसऱ्या बाजूला. अकरा वर्षांचं पोरगं बॉल अडवायचं सोडून पप्पांच्या तोंडाकडं बघत असतं, मी बघितलंय.

मॅच संपल्यावर ओळीत हात मिळवणं, अंपायरपासून सुरुवात करून, हे करा, पण त्यापेक्षा मोठं औषध जेवणाचं आहे. हिवाळ्यात टुर्नामेंट असेल तर फायनलच्या रात्री भरीत पार्टी दोन्ही टीमची एकत्र, काड्यांवर वांगी भाजायला दोन्हीकडचे दोन-दोन, कांद्याची पात चिरायला दोन-दोन. उन्हाळ्यात असेल तर शेवभाजी. हरलेली टीम उपाशी गेली की रस्त्यातल्या टपरीवर थांबते आणि तिथंच ठरतं पुढच्या वर्षी कोणाला बघून घ्यायचं ते. आणि टुर्नामेंटचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्या रात्री ओन्ली अॅडमिन करून ठेवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडा. तोपर्यंत निम्मे मेसेज लिहिणाऱ्यांनीच मनातून डिलीट केलेले असतात.

तरी पेटलंच तर? दोन्ही टीम आपापल्या टोकाला, मध्ये फक्त दोन कॅप्टन, दोन अंपायर आणि आयोजकांपैकी एक, सगळ्यात वयस्कर अप्पा-नाना जे कोणी असतील ते. दहा मिनिटं घड्याळ लावून. कागद काढायचा, त्यात लिहिलंय तेच. कागदात नसेल तर अंपायरचा निर्णय कायम, आणि तो मुद्दा पुढच्या वर्षीच्या कागदात टाकायचा. आमचा कागद अर्ध्या पानाचा होता, आता पाठपोट भरलाय.

शेवटचा उपाय माझ्यावरच झालेला आहे म्हणून खात्रीनं सांगतो. सगळ्यात जास्त रडी खेळणारा जो असेल त्याच्यावर बंदी घालू नका, बंदी घातली की तो बांधावर बसून चौघांना बिघडवतो. त्याला दोन मॅचेसना अंपायर करा, मेन एंडला, पांढरी टोपी घालून. मला त्या वर्षी आयोजकांनी हेच सांगितलं होतं, खेळायचं असेल तर आधी दोन मॅच उभं राहा. पहिल्याच ओव्हरला एकाला रनआउट दिलं आणि तो जागेवरून हलेना, माझ्याकडं नुसता बघत राहिला. परवा आमच्या टीमच्या किपरनं स्टंपला लाथ मारली. रविवारी सकाळी सात वाजता त्याची ड्युटी लावलीय, टोपी माझ्याकडंच आहे.